फाइल जड झाली म्हणून गाव सपाट करू नका

मंडळी, पोस्ट मोठी आहे. रील नाही, फोटोही नाही. ज्यांना वेळ नाही त्यांनी शेवटच्या सहा मागण्या वाचा आणि मग वर यायचं की नाही ते ठरवा.

परवा आपल्या ग्रुपवर स्मरणिकेचा विषय निघाला. अलोरे, शिरगाव, पोफळी, कोळकेवाडी, नागावे, पेढांबे इकडचे आणि कोयना प्रकल्पाच्या वसाहतीतले जुने फोटो गोळा करायचे, साफ करायचे आणि पुस्तक काढायचं. कल्पना उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. दोनशेच्या वर फोटो आलेसुद्धा. मग लगेच सूचना आली: "सगळे फोटो जेपीजी करून, साइज कमी करून टाका. मोठ्या फाइली नकोत. लेयर वगैरे ठेवू नका, फ्लॅटन करून द्या. ड्राइव्ह भरतो." खाली अंगठ्यांची रांग लागली.

मी अंगठा दिला नाही. त्यावरून दोघांनी फोन करून विचारलं, "तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोडा का घालायचा असतो?" त्यांना फोनवर जे सांगता आलं नाही ते इथे लिहितोय. ही सूचना चुकीची आहे. आणि चुकीची आहे हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही, मी स्वतः ती चूक केलेली आहे.

आधी माझीच कबुली.

मी बरीच वर्षं डीटीपीचं काम केलं. लग्नपत्रिका, शिमग्याचे बॅनर, दहावीच्या निकालाचे बॅनर, वाढदिवसाचे बॅनर, सगळं. २०१४ साली माझ्याकडे एक जुना ग्रुप फोटो आला. आपल्या कोळकेवाडी धरणाच्या पायथ्याचं वीजगृह, म्हणजे प्रकल्पाचा तिसरा टप्पा, ८० मेगावॅटचे चार संच, १९७५ ते १९७८ या काळात सुरू झाला. त्या कामावरच्या चाळीसेक माणसांचा तो फोटो. काळा-पांढरा, आठ बाय सहा इंचाचा, मधोमध घडी पडलेला, कोपऱ्याला बुरशी. आणि तिसऱ्या रांगेत उजवीकडून दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून एक लांब ओरखडा.

मी तो ६०० डीपीआयवर स्कॅन केला. हिशोब बघा: ४८०० बाय ३६०० ठिपके, म्हणजे पावणेदोन कोटींच्या जवळपास. काळ्या-पांढऱ्या फोटोला ठिपक्यामागे एक बाइट, म्हणजे फाइल झाली १७ एमबीची. मग घडी काढली, बुरशी काढली, उजेड वाढवला. प्रत्येक वेळी मी आळसाने अख्खी लेयर डुप्लिकेट करत गेलो. चार डुप्लिकेट झाल्यावर फाइल ८० एमबीच्या पुढे गेली आणि माझा तेव्हाचा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. ओरखड्याचं काय केलं? शेजारच्या माणसाचा गाल आणि कान क्लोन करून याच्या चेहऱ्यावर चिकटवला. छान बसला. कुणाला कळलं नाही.

त्या दिवशी हार्ड डिस्क भरली होती. मी फ्लॅटन केलं, साइज १२८० बाय ९६० वर आणला, जेपीजी केला आणि त्याच नावाने सेव्ह करून स्कॅन उडवला. दोनेकशे केबीची फाइल. सगळे खूश. मूळ प्रिंट ज्यांनी आणली होती ते ती परत घेऊन गेले. त्यांचं घर चिपळूणच्या बाजारपेठेत. २२ जुलै २०२१ ला काय झालं ते मी सांगायला नको. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी घरात शिरलं, फोटो अल्बमसकट गेला.

यंदा गणपतीत एक ताई माझ्याकडे आल्या. मुंबईला असतात, वसाहतीत वाढलेल्या. मोबाइलवर तोच फोटो काढून दाखवला आणि म्हणाल्या, "दादा, हे माझे बाबा. तिसऱ्या रांगेत, उजवीकडून दुसरे. आमच्याकडे त्यांचा एकही फोटो नाही. हा मोठा करून मिळेल का? फ्रेम करायचीय."

तिसऱ्या रांगेत उजवीकडून दुसरे.

मी काय सांगणार होतो त्यांना? की ताई, अर्धा चेहरा तुमच्या बाबांचा आहे आणि अर्धा त्यांच्या शेजाऱ्याचा? शेवटी तेच सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, "मग खालचा काढता येणार नाही का? तुम्ही वरून लावलंय ना?"

नेमका प्रश्न होता. वरून लावलं होतं तोवर काढता येत होतं. मी फ्लॅटन केलं त्या क्षणी 'वर' आणि 'खाली' हे दोन्ही संपलं. १७ एमबी वाचवले मी, मंडळी. सतरा.

आता ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा समजा. खाली मूळ फोटो. त्यावरच्या काचेवर ओरखड्याची दुरुस्ती, त्यावर उजेडाची, त्यावर नावं. वरची काच उचलली की खालचं जसंच्या तसं. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत आली. त्याआधी जगभरचे लोक माझ्यासारखंच करत होते: एकदा चिकटवलं की चिकटलं. म्हणजे तीस वर्षांपूर्वी जो प्रश्न सुटलाय तो आपण हौसेने परत ओढवून घेतोय.

फ्लॅटन म्हणजे सगळ्या काचा वितळवून एक काच करणं. आणि जेपीजीमध्ये लेयर राहूच शकत नाही, त्या प्रकारात ती जागाच नाही. जेपीजी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. वाटायला, बघायला, छापखान्यात द्यायला उत्तम. पण जेपीजी जागा वाचवतो ती तपशील टाकून. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि डोळ्याला सहज जाणवत नाही ते त्या चौकोनातून कमी करतो. परत उघडून, दुरुस्त करून परत सेव्ह केलं की परत थोडं जातं. घासून घासून नाणं गुळगुळीत होतं तसं.

माझ्याच फोटोचं उदाहरण घ्या. आठ इंचाच्या ग्रुप फोटोत एका माणसाचा चेहरा जेमतेम सहा मिलिमीटर रुंद. मूळ स्कॅनमध्ये त्या चेहऱ्याच्या वाट्याला रुंदीत १४० ठिपके होते. १२८० वर आणल्यावर उरले ३८. म्हणजे जेपीजीचे पाच चौकोन सुद्धा पुरते नाहीत. अख्ख्या फोटोतल्या दर चौदा ठिपक्यांतला एकच मी ठेवला आणि बाकीचे तेरा फेकले. आता त्या ताईंसाठी मी कितीही मोठा केला तरी ते तेरा कुठून आणू?

यावर आपल्या ग्रुपवरचा तयार उपाय: "एआयवर टाका, एका मिनिटात क्लिअर होतो." होतो ना! डोळे येतात, पापण्या येतात, दात सुद्धा येतात. कुणाचे? ते यंत्र त्या ताईंच्या बाबांना ओळखत नाही. त्याने पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांवरून एक शक्यता रंगवून देतं. मी शेजाऱ्याचा कान लावला होता, निदान तो कोळकेवाडीवर काम केलेल्या माणसाचा तरी होता. एआय वापरायचंच तर वापरा, पण वेगळ्या लेयरवर, खालचं तसंच ठेवून आणि खाली "यंत्राने सुधारलेला" असं लिहून. नाहीतर उद्या आपली नातवंडं कुणाच्या तरी भलत्याच पणजोबांना हार घालतील.

आता आक्षेपांकडे येतो. ग्रुपवर चार आले होते, चारही प्रामाणिकपणे घेतो.

पहिला: "फाइली फार जड होतात, ठेवायच्या कुठे?"

एका फोटोची लेयरवाली फाइल ७० एमबी धरा. एक टीबीच्या डिस्कमध्ये असे चौदा हजारांवर फोटो बसतात. आपल्याकडे आलेत दोनशे. चौदा जीबी. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या मोबाइलमध्ये 'गुड मॉर्निंग' आणि वाढदिवसाच्या व्हिडिओंनी याहून जास्त जागा खाल्लेली आहे. तपासून बघा.

आणि जड फाइलींची एवढीच काळजी असेल तर बॅनरबद्दल बोलू. वीस बाय दहा फुटांचा बॅनर. "क्वालिटी पाहिजे" म्हणून कुणीतरी ३०० डीपीआय सांगतो. हिशोब: ७२ हजार बाय ३६ हजार ठिपके, अडीचशे कोटींच्या वर. तीन रंगांचे पावणेआठ जीबी. साध्या पीएसडी फाइलची मर्यादाच एका बाजूला ३० हजार ठिपके आणि एकूण दोन जीबी अशी आहे, म्हणजे ती फाइल त्या प्रकारात सेव्हच होणार नाही, मोठा पीएसबी प्रकार घ्यावा लागेल. तोच बॅनर ७२ डीपीआयवर केला तर साधारण ४५० एमबी. ३६ वर केला तर ११२. रस्त्यापलीकडून, चालत्या एसटीतून बघणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतात, कारण लांबून बघायच्या गोष्टीला बारीक ठिपके लागतच नाहीत.

आणि त्यात तीस चेहरे. प्रत्येक चेहरा २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला, उघडल्यावर ७२ एमबीचा, बॅनरवर दिसणार फूटभर. स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून घातला की मूळ अख्खा फोटो फाइलच्या पोटात जाऊन बसतो, बॅनरवर तो केवढा का दिसेना. नेत्यांच्या चेहऱ्यांनी फाइल जड होते तेव्हा कुणी "फ्लॅटन करा, ड्राइव्ह भरतो" म्हणत नाही. उलट फाइल जपून ठेवतात, कारण पुढच्या वाढदिवसाला चेहऱ्यांचा क्रम बदलायचा असतो! लेयरचं महत्त्व आपल्याकडे सगळ्यांना कळतं हो. फक्त ते धरणावर राबलेल्या माणसांसाठी कळत नाही.

दुसरा आक्षेप: "गावातल्या पोरांना एवढं तांत्रिक जमणार नाही."

हा मला सगळ्यात जास्त लागला. हीच पोरं बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरताना फोटो २० ते ५० केबीत आणि सही १० ते २० केबीत मोबाइलवर बसवतात. एक केबी जास्त झाला तर फॉर्म घेत नाही म्हणून रात्री अकरा वाजता झाडावर चढून रेंज पकडतात. केबी-एमबीचा हिशोब त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला येतो. त्यांना कुणी आजवर एवढंच सांगितलेलं नाही की साइज कमी करायची ती नकलेची, मुळाची नाही.

तिसरा आक्षेप आमच्या धंद्यातला: "लेयरवाली फाइल दिली की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. ती आमची रोजीरोटी."

मी हे वर्षानुवर्षं म्हणत आलोय, त्यामुळे यातलं खरं किती आणि खोटं किती ते मला माहीत आहे. खरं एवढं की डिझाइन करणाऱ्याच्या डोक्याला किंमत आहे, ती मिळालीच पाहिजे. चारशे रुपयांत बॅनर करून घ्यायचा आणि वर ओपन फाइल फुकट मागायची, हे चालणार नाही. मूळ फाइलीचे वेगळे पैसे लावा, आधी सांगून लावा. पण लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीच्या निधीतून, शाळेच्या पैशातून झालेलं काम एका दुकानाच्या एका हार्ड डिस्कवर अडकवून ठेवायचं, दर वर्षी तोच फलक नवीन म्हणून परत विकायचा आणि डिस्क उडाली की "साहेब, आता पहिल्यापासून करावं लागेल" म्हणायचं, यात रोजीरोटी कमी आणि अडवणूक जास्त आहे.

कायदाही बघा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोच्या हक्कांचा पहिला मालक काढून घेणारा असतो. पण डिझाइनचं तसं नाही. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या रचनेचा हक्क करार नसेल तर सहसा करणाऱ्याकडेच राहतो. आणि लेयरवाली फाइल हातात दिलीच पाहिजे असं तर कुठेच आपोआप होत नाही. म्हणून काम देतानाच कागदावर लिहून घ्यायला हवं. आपण काय लिहून घेतो? "बॅनर १ नग." झालं.

ग्रामपंचायतीने, शाळेने केलेल्या कामाला आणखी एक बाजू आहे. माहितीचा अधिकार कायदा २००५ इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या नोंदींनाही लागू आहे. पण तो त्या कार्यालयाच्या ताब्यात किंवा नियंत्रणात जे आहे त्यालाच लागू आहे. गावाचा नकाशा, पाणी योजनेचा फलक, जुने फोटो यांच्या फक्त व्हॉट्सॲपवर आलेल्या जेपीजी कार्यालयात असतील, तर तुमचा हक्कही तेवढ्याच जेपीजीवर. मूळ फाइल मागून न घेणं म्हणजे नागरिकाचा हक्क कमी करून घेणं. हे कुणी मुद्दाम करत नाही, हे मला माहीत आहे. पण मुद्दाम न करता सुद्धा नुकसान तेवढंच होतं.

चौथा आक्षेप: "एवढं जपून करायचंय काय? कोण बघणार आहे?"

याला उत्तर देताना मला राग आवरावा लागतो. आपल्या अलोऱ्याला दुसरा काय इतिहास आहे? आपला इतिहास म्हणजे डोंगरातून आणलेलं पाणी, बोगदे, वीजगृहं आणि ती करायला महाराष्ट्रभरातून आलेली माणसं. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला जलाशयाच्या तळाला लेक टॅपिंग झालं, दुसरं २५ एप्रिल २०१२ ला. त्याचे सरकारी फोटो कुठेतरी असतील, साहेबांचे असतील. पण फिटर, वेल्डर, बोगद्यातले मजूर, क्वार्टर्सच्या मागे अंगणात उभ्या त्यांच्या बायका, वसाहतीच्या शाळेचं गॅदरिंग? ते फक्त घरोघरच्या बुरशी लागलेल्या अल्बममध्ये आहेत. माणसं बदलीने गेली, निवृत्त होऊन गेली, काही कायमचीच गेली. क्वार्टर्सच्या भिंतींवर झाडं उगवलीत. या प्रकल्पाच्या विजेवर महाराष्ट्र चालला आणि ज्यांनी ती काढली त्यांचा चेहरा ३८ ठिपक्यांचा?

आणि कागद टिकत नाही हे चिपळूण तालुक्याला कुणी शिकवायची गरज नाही. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ सालचं ग्रंथालय, दोन्ही वेळा पाण्यात गेलं. दोन्ही वेळा माणसांनी चिखलातून पुस्तकं उचलून परत उभं केलं. पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी सापडते. फोटोची सापडत नाही.

आता नुसती टीका नको म्हणून काम कसं करायचं ते सांगतो. यातलं काहीही अवघड नाही.

स्कॅन केला की ती फाइल मूळ. तिला हात लावायचा नाही, रीड-ओन्ली करून ठेवायची. दुरुस्ती तिच्या नकलेवर.

दुरुस्ती करताना खालची लेयर लॉक करा आणि वर एक रिकामी लेयर घ्या. क्लोन किंवा हीलिंग टूलला 'करंट अँड बिलो' सांगा. मग दुरुस्तीचे ठिपके वरच्या लेयरवर पडतात, खालचा चेहरा तसाच राहतो. रिकाम्या लेयरचा मोकळा भाग फाइलमध्ये जवळपास काहीच जागा घेत नाही. मी चार वेळा अख्खी लेयर डुप्लिकेट केली म्हणून ८० एमबी झाले होते. अशी केली असती तर विशीतच राहिले असते.

उजेड आणि काळेपणा यासाठी ॲडजस्टमेंट लेयर वापरा. तिच्यात ठिपके नसतात, फक्त सूचना असते. नको असलेला भाग पुसू नका, मास्क लावा.

कॅनव्हासच्या बाहेर लटकणारे फोटोचे तुकडे दिसत नाहीत पण वजन धरतात, शेवटी ते छाटा. एकाच टेम्प्लेटवरून वर्षानुवर्षं बॅनर केले की फाइलच्या पोटात जुन्या फाइलींची वंशावळही साठत जाते. फाइल उगाच फुगलेली वाटली तर सगळ्या लेयर एका नव्या कोऱ्या डॉक्युमेंटमध्ये न्या.

लेयरना नावं द्या. 'लेयर १७ कॉपी ३' हे नाव नाही. 'घडी', 'बुरशी', 'तिसरी रांग ओरखडा' ही नावं. तुम्ही नसाल तेव्हा दुसऱ्याला कळलं पाहिजे.

मराठी मजकूर युनिकोडमध्ये ठेवा. जुन्या श्रीलिपी, कृतिदेवच्या फायली फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की काय दिसतं ते प्रत्येक डीटीपीवाल्याला माहीत आहे. फोटोतल्या माणसांची नावं तर फोटोवर छापूच नका, वेगळ्या मजकुराच्या फाइलमध्ये रांगेनुसार लिहा. नाव नसलेला चेहरा पन्नास वर्षांनी कुणाचाच नसतो.

फोटोशॉप परवडत नाही? २०१३ पासून कंपनीने नव्या आवृत्त्या भाड्यानेच द्यायला सुरुवात केली, हे खरं. गिंप फुकट आहे, त्यात लेयर आहेत, मास्क आहे, पीएसडीही बऱ्यापैकी उघडते. तीस वर्षांनी आजची लेयरवाली फाइल उघडेल का, ही शंका रास्त आहे. म्हणून तिच्या जोडीला एक सपाट टिफही ठेवा, पूर्ण साइजची. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचंच तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे जसंच्या तसं जातं.

फ्लॅटन करा की! हजारदा करा. पण 'सेव्ह ॲज' करून, नकलेवर, वेगळ्या नावाने.

तर माझ्या मागण्या. स्मरणिका समितीला, आणि पुढे गावातल्या प्रत्येक सार्वजनिक कामाला:

१. "फ्लॅटन करून द्या" ही सूचना मागे घ्यावी. प्रत्येक फोटोच्या तीन फाइली: मूळ स्कॅन, लेयरवाली, आणि वाटपाची छोटी जेपीजी.

२. ज्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलेत त्यांच्याकडून मूळ प्रिंट एक दिवसासाठी मागून किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करावी आणि सहीने परत द्यावी.

३. सार्वजनिक पैशाच्या प्रत्येक डिझाइनच्या कामात "मूळ लेयरवाली फाइल व फॉन्टची नावं देणे" ही अट कामाच्या कागदावर लिहावी, आणि तिचे पैसे करणाऱ्याला द्यावेत.

४. दोन डिस्क घ्याव्यात. एक इथे वर अलोऱ्यात, दुसरी पुण्या-मुंबईत कुणाकडे. दोन्ही चिपळूणच्या बाजारपेठेत नकोत. का, ते परत सांगत नाही. खर्च एका मोठ्या बॅनरचा आणि त्याच्या बांबूंचा जेवढा होतो त्याच्या आसपास. पहिली डिस्क मी देतो.

५. एआयने केलेला कुठलाही बदल पुस्तकात तसा लिहून छापावा.

६. दर वर्षी एकदा, १ मे ला म्हणा, दोन्ही डिस्क लावून फाइली उघडतात का ते बघावं. कपाटात ठेवलेली डिस्क म्हणजे जपलेली डिस्क नव्हे.

हे सगळं करायला मी फुकट वेळ देतो. पोरांना शिकवायला दोन रविवार देतो. फक्त तो दोनशे फोटोंचा सपाट ढीग करू नका.

त्या ताईंना मी काय दिलं ते सांगून थांबतो. त्यांना फ्रेम करून दिली नाही. त्या जेपीजीवर एक नवी लेयर घेतली आणि मी चिकटवलेला गाल कुठून कुठवर आहे ते एका बारीक रेघेने आखून दिलं. म्हणजे रेघेच्या डावीकडे जे उरलंय ते त्यांच्या बाबांचं आहे. एक डोळा, कपाळ आणि टोपी. त्या म्हणाल्या, "एवढं तरी खरं आहे ना?" मी म्हटलं, हो, एवढं खरं आहे.

त्या ग्रुप फोटोची दुसरी प्रिंट कुणाच्या पेटीत, ट्रंकेत, माळ्यावर असेल तर कृपया कळवा. चाळीस माणसं होती. एखाद्याने तरी प्रत जपली असेल. कितीही ओरखडे असू देत, या वेळी मी तिच्या खालच्या लेयरला हात लावणार नाही.